न पोचवलेले आभार

एका संक्रांतीला मी एक तुर्की माणूस आणि एक आर्मेनियन बाई यांना समोरासमोर उभं केलं, दोघांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणालो — झालं गेलं विसरा, गोड बोला.

हो, तो गाढव मीच. सिंगापुरातल्या ज्या मराठी घरांत मी एकदा तरी जेवलो आहे, त्या सगळ्या घरांना हा किस्सा पाठ आहे. मी तो साभिनय सांगतो. एर्दालचा गोंधळलेला चेहरा, सिरानताईंच्या वर गेलेल्या भुवया, आणि मध्ये वाटी घेऊन उभा असलेला मी — सगळ्या पैठण्यांच्या गर्दीत एक चुरगळलेला झब्बा. शेवटी कपाळावर हात मारून म्हणतो, "मला बापड्याला काय ठाऊक, शंभर वर्षांपूर्वी तिकडे काय झालं ते." लोक हसतात. हसून झाल्यावर कोणीतरी म्हणतंच, श्रीकांत, तू ना अगदी भोळा आहेस.

तेच तर ऐकायचं असतं मला.

पण आता जे सांगणार आहे, ते मी कुठल्याच जेवणावळीत सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा फार उशिरा सांगितलं. तोंडी सांगायची मला सध्या बंदी आहे — कोणाची, ते कळेलच — म्हणून लिहितोय. लिहायला बसलो, मग उठून चहा केला. पुन्हा बसलो, पुन्हा उठून कुंडीला पाणी घातलं. घालून झाल्यावर लक्षात आलं की त्या कुंडीतलं झाड प्लास्टिकचं आहे. तेव्हा समजून घ्या, काय अवस्था आहे ती.

त्या किश्श्यात एक वाक्य खोटं आहे. कुठलं? सांगतो. मी आयुष्यात कुठलीच गोष्ट सरळ रस्त्याने सांगितलेली नाही, आज अचानक कशी जमणार.

आपल्या लोकांना एक खोड असते. परदेशात कोणी भेटलं की नावाआधी विचारायचं — मूळचे कुठले? पुणे म्हटलं तर पुण्यात कुठे, आणि पुण्याच्या आधी कुठे. समोरच्याच्या पणजोबांचा तालुका हाती लागेपर्यंत आपल्याला चैन पडत नाही. माझी ही खोड मराठी माणसांपुरती राहिली असती तर बरं झालं असतं. मी हा प्रश्न आमच्या फिलिपिनो सिक्युरिटी गार्डला विचारला आहे. चिनी डेंटिस्टलाही विचारला आहे, माझ्या तोंडात त्याचं यंत्र असताना. आमची लेक इरा म्हणते, "बाबा, यू सो केपो लाह." केपो म्हणजे नसत्या चौकशा करणारा. इथे वाढलेल्या मुलांना बापाचं अख्खं वर्णन एका शब्दात करता येतं, हे इथल्या शिक्षणाचं यश.

एर्दाल माझा बॉस. जुरोंग आयलंडवरच्या एका प्लँटच्या वाढीव कामावर तो प्रोजेक्टचा मुख्य, मी पायपिंगचा माणूस. माझ्याहून थोडा लहान. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसायचा आणि बॉस असूनही मला 'आबी' म्हणायचा. तुर्कीत मोठ्या भावाला आबी म्हणतात. पहिल्याच आठवड्यात मी त्याला विचारलं, मूळचे कुठले? इस्तंबूल, तो म्हणाला. त्याच्या आधी? तो हसला — असं त्याला कोणी विचारलं नसावं. म्हणाला, एलाझिग, पार पूर्वेकडे. आणि वर डोंगरावर आमचं जुनं गाव आहे, हार्पूत. "तिथल्या तुती, आबी..." म्हणून त्याने बसमध्येच डोळे मिटून घेतले.

सिरानताई आमच्याच कॉन्डोत, बुकित तिमाहला, तळमजल्यावर राहतात. नवरा जहाजावर अधिकारी होता. तो गेल्यावर मुलगा कॅनडात बोलावत होता, त्या गेल्या नाहीत. इराला पियानो शिकवायच्या. 'ताई' ही जोड माझ्या बायकोची, नीलिमाची. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण सिरानताई मला 'यू' म्हणाल्या की ते मला नेहमी 'तू' असंच ऐकू यायचं, आणि तेही चूक केलेल्या विद्यार्थ्याला म्हणतात तसं.

त्यांनाही विचारलं. बेरूत, म्हणाल्या. त्याच्या आधी? म्हणाल्या, "खार्पेर्त. तुला नकाशात सापडणार नाही."

नकाशात सापडणार नाही असं मला कोणी म्हणायचा अवकाश. त्याच संध्याकाळी शोधलं. खार्पेर्त आणि हार्पूत — एकच गाव. आर्मेनियन लोक एका नावाने ओळखतात, तुर्क दुसऱ्या. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. पुढच्या शनिवारी इराला क्लासला सोडायला गेलो तो दारातूनच म्हणालो, "सिरानताई, तुमचा गाववाला सापडला. माझा बॉस."

मला वाटलं होतं काय? की त्या विचारतील, अमक्याचं दुकान आहे का अजून, तमक्या गल्लीत कोण राहतं आता. गाववाले भेटले की दुसरं काय होतं? त्यांनी इराला वाजवायला बसवलं, मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

एकोणीसशे पंधरा साल. त्यांची आजी तेव्हा लहान मुलगी. गावातल्या आर्मेनियन पुरुषांना आधी नेलं — आजीचे वडील, काका, मोठा भाऊ. कोणी परत आलं नाही. मग बायका-मुलांना रस्त्याला लावलं, पायी, वाळवंटाच्या दिशेने. वाटेत माणसं मेली, मारली गेली, मुली पळवल्या गेल्या. गावंच्या गावं अशी रिकामी झाली. जगातले बहुतेक इतिहासकार याला नरसंहार म्हणतात. तुर्कस्तानचं सरकार तो शब्द आजही मान्य करत नाही — युद्धाचा काळ होता, दोन्हीकडची माणसं मेली, म्हणतं. हे मी पुढे वाचलं. पण त्या दिवशी स्टुलावर बसून मी जे ऐकलं, त्यापुढे वाचायचं असं काही फारसं उरलं नव्हतं.

कळलं ना आता, कुठलं वाक्य खोटं ते? मला ठाऊक होतं. संक्रांतीच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. पण थांबा. एवढंच असतं तर मी प्लास्टिकच्या झाडाला पाणी घातलं नसतं.

आजीच्या समोरच्या घरात हातिजे नावाची तुर्की बाई राहायची. दोन घरांच्या मध्ये दगडी हौद, भिंतीतून पाण्याची धार पडायची. सगळ्यांना निघायचा हुकूम झाला त्या सकाळी आईने आजीच्या हातात घागर दिली आणि हौदावर पाठवलं. हातिजेने तिला तिथूनच आत ओढलं. शिपाई आले तेव्हा म्हणाली, ही माझी मुलगी. लपवणाऱ्यांची घरं जाळत होते तेव्हा. आजी तिच्याकडे राहिली, पुढे अनाथाश्रमात गेली, तिथून बेरूतला. हातिजेची पुन्हा भेट झाली नाही. आजी म्हातारपणी दुसरं सगळं विसरली, पण एवढं म्हणत राहिली — माझे आभार मानायचे राहिलेत. कोणीतरी जाऊन सांगा तिला.

समजतंय का तुम्हाला? सिरानताईंना माझ्या बॉसला जाब विचारायचा नव्हता. आभार मानायचे होते. तो दर उन्हाळ्यात गावी जातो, तर तो हौद आहे का बघावं, हातिजेचं कोणी उरलं असेल तर निरोप द्यावा. एवढंच. फक्त एक अट होती.

"आधी त्याला सगळं सांग," त्या म्हणाल्या. "तिने आजीला कशातून वाचवलं हे न सांगता आभार कसे मानायचे? नुसती शेजारीण चांगली होती म्हणून? तो नाही म्हणाला तर मला राग येणार नाही. पण त्याला न सांगता मला त्याच्यासमोर उभं करू नकोस."

मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो. छातीवर हात ठेवायला मला फार आवडतं.

आता त्या वर्षाची परिस्थिती सांगितली पाहिजे. सांगितली पाहिजे का खरंच? सांगतो, पण ती कारण म्हणून घेऊ नका. प्रोजेक्ट संपत आला होता. पुढच्या कामावर कोणाला ठेवायचं ती नावं एर्दाल देणार होता. माझं नाव गळलं तर माझा एम्प्लॉयमेंट पास गेला, इराची शाळा मध्येच सुटली, आणि मी चिंचवडला मेहुण्याच्या समोर बसून 'सध्या काय चाललंय' या प्रश्नाचं उत्तर देतोय. हे चित्र मला रोज बसमध्ये दिसायचं. आणि शेजारी बसलेल्या तुर्की माणसाला मी सांगायचं, तुझ्या गावात तुझ्या लोकांनी नरसंहार केला, आणि हो, आमच्या इराच्या बाईंना तुझी जरा मदत हवी आहे?

एकदा प्रयत्न केला. सरळ नाही, अर्थात. म्हणालो, "हार्पूतला पूर्वी आर्मेनियन लोक राहायचे ना?" एर्दालने खिडकीबाहेर पाहिलं. म्हणाला, "हो. खूप. एका चर्चची भिंत उभी आहे अजून. लहानपणी आम्ही तिथे..." आणि त्याचा फोन वाजला. साइटवरून होता. तो बोलत राहिला, बस चेकपोस्टला थांबली, आम्ही पास दाखवले, उतरलो.

त्याने विषय टाळला? की फोन महत्त्वाचा होता? तो सांगायला लागला होता — 'लहानपणी आम्ही तिथे' — काय करायचे ते तिथे? संध्याकाळच्या बसमध्ये मी विचारू शकलो असतो. मी ठरवून टाकलं की त्याने टाळला. ठरवणं किती सोयीचं असतं.

शनिवारी सिरानताईंनी विचारलंही नाही. नुसतं पाहिलं. त्या वेळी मी काय म्हणू शकलो असतो? 'अजून नाही विचारलं' म्हणू शकलो असतो. 'मला भीती वाटते' म्हणू शकलो असतो, त्या हसल्या असत्या फार तर. मी म्हणालो —

मी म्हणालो, "विचारलं. तो म्हणाला, त्याला त्या विषयावर बोलायचं नाही."

हे ते. हेच. इतकी वर्षं जे सांगितलं नाही ते एवढंसं आहे. एका माणसाने जे कधी म्हटलं नाही ते मी त्याच्या तोंडी घातलं.

त्यांनी 'नक्की ना' असं विचारलं असतं तर कदाचित मी कोसळलो असतो. पण त्यांनी विचारलं नाही. मान हलवली, जणू उत्तर त्यांना आधीच माहीत होतं. आणि — हे मला नंतर फार छळत राहिलं — खरंच माहीत होतं. त्यांच्या माणसांना पिढ्यान् पिढ्या तेच उत्तर मिळत आलं होतं. माझं खोटं इतक्या सहज खपलं ते मी चांगला खोटारडा आहे म्हणून नव्हे. त्या नकारासाठी जागा आधीपासून करून ठेवलेली होती, मी फक्त तो आणून ठेवला. एका नकाराची भर. तीही एका अशा माणसाच्या नावावर, ज्याला प्रश्नच कोणी विचारला नव्हता.

मग संक्रांत आली.

आमच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये नीलिमा दरवर्षी हळदीकुंकू करते, आणि इथल्या पद्धतीप्रमाणे नवरेही येतात, खायला. नीलिमाला यातलं काही माहीत नव्हतं. तिने मोठ्या मनाने सगळ्यांना बोलावलं — वरच्या मजल्यावरचे, खालच्या मजल्यावरचे, माझे ऑफिसातले. मी गूळपोळ्यांचा डबा उघडत होतो आणि मान वर करतो तर एका दारातून एर्दाल येतोय, हातात तुर्की मिठाईचा, बकलाव्याचा बॉक्स. आणि खिडकीशी सिरानताई, कपाळाला हळदीकुंकू, नीलिमाने दिलेली शाल खांद्यावर. इरा, माझी गुणी मुलगी, एर्दालला हाताला धरून घेऊन गेली. "मिस सिरान, धिस इज बाबाज् बॉस. द तुर्किश वन."

सिरानताईंनी मान ताठ केली. एर्दाल मोकळेपणाने हात पुढे करत होता. आता बोलतील. आता एक वाक्य इकडून, एक वाक्य तिकडून, आणि मी उघडा. त्या क्षणी मला जगात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे या दोन माणसांनी एकमेकांशी बोलू नये. आणि माझ्या हातात काय होतं? तिळगुळाची वाटी.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी मध्ये घुसलो, दोघांच्या हातावर तिळगूळ ठेवला, आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा इंग्रजीत, आमच्या थोर परंपरेवर भाषण ठोकलं. की या दिवशी आम्ही जुनी भांडणं विसरतो. झालं गेलं सोडून देतो. गोड खातो आणि गोड बोलतो. बायकांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी फोटोही काढला.

सिरानताईंच्या बाजूने विचार करा. या माणसाने आपल्याशी बोलायला नकार दिला आहे. आणि आता ज्या माणसाला आपण विश्वासाने सगळं सांगितलं, तो भर सभेत म्हणतोय, विसरा आणि गोड बोला. त्यांनी तिळगूळ परत वाटीत ठेवला. अलगद ठेवला, आपटला नाही. शाल काढून नीलिमाला दिली आणि गेल्या.

"मी काही चुकीचं केलं का, आबी?" एर्दालने विचारलं. मी म्हणालो, "छे. वय झालंय त्यांचं."

दुसऱ्याच आठवड्यात मी हा किस्सा विनोदी करून सांगायला सुरुवात केली. एर्दालच्या कानावरही गेला. तेव्हा त्याला कळलं की त्या आर्मेनियन होत्या. तो हसला नाही. "मला आधी सांगायचं होतंस," म्हणाला. मी कपाळावर हात मारून म्हणालो, "मलाच कुठे ठाऊक होतं."

बघा, भोळा माणूस होण्याचा फायदा असा की त्याला कोणी उलटतपासणी करत नाही. मी आयुष्यभर माझ्या फजित्या सांगत आलो — लग्नात चुकीच्या मांडवात जेवलो, मुलाखतीला दोन रंगांचे बूट घालून गेलो — सगळ्या खऱ्या आहेत. पण त्या सगळ्या खऱ्या मूर्खपणांच्या ओळीत मी हा एक उभा करून ठेवला, जो मूर्खपणा नव्हताच. भित्रेपणा होता. मूर्ख ठरायला मला कधी लाज वाटली नाही, म्हणून तर तो इतका छान लपला.

माझं नाव यादीत आलं. पास वाढला, पुढे पीआर, म्हणजे कायमचं राहायचा परवाना, मिळाला. इराची शाळा झाली, पियानोही नीट झाला. हो, सिरानताईंनी तिचा क्लास बंद केला नाही. एक शनिवारही नाही. मला मात्र दारातच "थँक यू, संध्याकाळी घेऊन जा" एवढं ऐकायला मिळायचं. स्वयंपाकघराचं दार पुन्हा उघडलं नाही.

अशी कित्येक वर्षं गेली. मग एर्दालने निवृत्ती घेतली. गावी परत निघाला होता. आम्ही एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या छपराखालच्या खाऊगल्लीत, कोपी — इथली कडक कॉफी — पीत बसलो होतो, जुने किस्से चालले होते, आणि तो मध्येच म्हणाला, "आबी, एक गोष्ट राहिली. त्या बाई. मी नंतर बरंच वाचलं. शाळेत आम्हाला जे शिकवलं ते वेगळं होतं. मला त्यांच्याशी बोलायचं होतं, पण त्यांनी तो लाडू परत ठेवला ना, मला वाटलं त्यांना माझं तोंडही बघायचं नाही. तुझी ओळख आहे. एकदा विचारशील?"

त्यानेही मलाच निरोप्या केला. हसावं की काय करावं? दोघं माणसं इतकी वर्षं एकाच शहरात, आणि दोघांच्या मध्ये भिंत म्हणून मी, पायपिंगवाला.

'विचारतो' म्हणालो आणि तसाच घरी गेलो. लिफ्टने वर गेलो, खाली आलो, पुन्हा वर गेलो. मग तळमजल्यावरचं दार वाजवलं. सिरानताई पियानोशी बसल्या होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. सगळं. बस, फोन, शनिवार, तिळगूळ. त्यांनी पियानोचं झाकण खाली केलं. ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "मग इतकी वर्षं ते आभार कुठे ठेवले होतेस?"

 

नीलिमाला त्याच संध्याकाळी सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि माझ्याकडे बघत राहिली. एर्दालला दुसऱ्या दिवशी. तो जास्त चिडला. "कदाचित मी नाहीच म्हणालो असतो," तो म्हणाला. "तेव्हा मी कसा होतो मला माहीत आहे. कदाचित घाबरलो असतो. पण ते माझं नाही असतं, श्रीकांत." आबी नाही. श्रीकांत.

तो सिरानताईंना भेटायला आला तेव्हा मी स्विमिंग पूलच्या कडेला खुर्चीत बसलो होतो. मला आत बोलावलं नव्हतं. ते काय बोलले मला माहीत नाही, मी विचारलं नाही — माझ्या आयुष्यातली ही एकमेव न विचारलेली गोष्ट असेल. तो बाहेर आला, डोळे लाल होते, माझ्यासमोरून गेला. थांबला नाही.

काही महिन्यांनी सिरानताईंचा निरोप आला, इराला घेऊन ये, फोन धरायला कोणीतरी हवं. मी दाराशी उभा राहिलो. स्क्रीनवर एर्दाल, मागे एक चढाची गल्ली. हौद सापडला होता. कोरडा होता, दगडावर कोणीतरी रंगाने काहीतरी लिहिलेलं. समोर जुनं घर नव्हतं, एक इमारत होती, खाली मोबाइलचं दुकान. हातिजेबद्दल कोणालाच काही माहीत नव्हतं, असं सिरानताईंनी आम्हाला इंग्रजीत सांगितलं. एर्दाल सांगता सांगता माणसं जवळून गेली की आवाज खाली घ्यायचा. आपल्याच गावात, आपल्याच भाषेत. तेव्हा माझ्या लक्षात आलं, भीती वाटण्याजोगं काही असलंच तर ते त्याच्याकडे होतं. आणि तरी तो तिथे उभा होता.

सिरानताईंना आजीमुळे तुर्की येतं. त्या फोनमधल्या कोरड्या हौदाशी तुर्कीत बोलल्या, बराच वेळ. एक बाई पिशव्या घेऊन चालली होती, ती थांबली. एर्दालला काहीतरी विचारलं. त्याने उत्तर दिलं — या वेळी आवाज खाली न घेता. त्या बाईने पिशव्या खाली ठेवल्या आणि ऐकत उभी राहिली. शेवटी फोनकडे वाकून काहीतरी म्हणाली. मी इराला खुणेने विचारलं, काय? इराला तरी कुठे तुर्की येतं. सिरानताईंनीच सांगितलं. ती म्हणते, मी याच गल्लीत राहते, मी हातिजेची कोणी नाही, पण घेते.

आभार पोचले म्हणायचे का? मी ते ठरवणार नाही. मी यापूर्वी पुष्कळ ठरवलं आहे.

मी एवढंच सांगू शकतो की त्या स्वयंपाकघराचं दार आता उघडं असतं. मला चहा मिळतो, अतिकडक, वर एक शब्दही नाही, पण मिळतो. एर्दालचे मेसेज येतात. आधी 'श्रीकांत' असायचं, मग नुसताच मजकूर, आणि परवा एक आला त्यात सुरुवातीला 'आबी' होतं. मी तो नीलिमाला दाखवला, इराला पाठवला, आणि बसमध्ये शेजारच्या अनोळखी मलय माणसालाही दाखवला. त्याला कळलं नाही, पण त्याने मान डोलावली. मला या लोकांनी जे परत दिलं, त्यातलं काहीही माझ्या हक्काचं नव्हतं. हे मला रोज माहीत असतं, चहाचा कप हातात आला की जरा जास्त.

या संक्रांतीला एर्दालकडून सिरानताईंच्या नावाने पुडकं आलं, वाळवलेल्या तुतींचं. त्यांनी त्या नीलिमाच्या तिळगुळाशेजारी वाटीत ठेवल्या. फंक्शन रूम भरली होती, काही नवी मंडळी होती, आणि नवी मंडळी दिसली की माझं काय होतं तुम्हाला माहीत आहे. या वेळी खरं तेच सांगायचं, असं मी ठरवलं होतं. घसा खाकरला, हात वर केला आणि म्हणालो, "ऐका, एका संक्रांतीला मी —"

सिरानताई गर्दीतून आल्या. वाटीतल्या दोन तुती उचलून माझ्या तळहातावर ठेवल्या, माझी मूठ मिटली. मग, नीलिमा माझ्याशी बोलते ते इतकी वर्षं ऐकून त्यांना जेवढं मराठी येतं, तेवढं सगळं एका दमात बोलल्या.

"हे घे. आणि गप्प बस."